मागच्या खोलीतली स्टील गिटार

ज्याला खोटं वाटेल त्याने इथूनच परत फिरावं. कुणाची मनधरणी करायची मला सवय नाही.

माझी शाळा तिसरीपर्यंत. रचून लिहायला मला येत नाही. जे झालं तेच लिहिते आहे. त्यातली बरीचशी माणसं अजून जिवंत आहेत, विचारून घ्या.

भुतांच्या गोष्टींच्या या पानावर सगळ्यांची भुतं रात्री बारानंतर येतात. माझ्याकडे आलं ते शुक्रवारी दुपारी दोन वाजता. जेवणं झाल्यावर. लख्ख उन्हात.

साल अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव. जागा दुबई, करामा. मासळी बाजाराजवळची जुनी बिल्डिंग, दुसरा मजला.

तिथे मी मेस चालवत होते. रोजचे चाळीस डबे. डब्यात केस निघाला, मीठ जास्त पडलं, असं एकदाही कुणी म्हटलं नाही. म्हणायची कुणाची हिंमतही नव्हती म्हणा.

आमचे हे, तुकाराम, अबू धाबीला मुसफ्फामध्ये वेल्डर होते. गुरुवारी रात्री घरी यायचे, शनिवारी पहाटे कंपनीच्या बसने परत. मुलगी प्रज्ञा अकरा वर्षांची. मी मराठीत ओरडायचे, ती इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची.

आणि माझे धाकटे दीर, सूर्यकांत भावोजी. अल मनखूलमधल्या एका हॉटेलात ते बारचे सुपरवायझर. हॉटेलचं नाव लिहीत नाही. बारमधला बँड सगळा त्यांच्या हाताखाली. व्हिसावर कुणाला आणायचं, कुणाला काढायचं, सगळं तेच ठरवायचे.

आणि आणलेल्या प्रत्येकाचा पासपोर्ट त्यांच्या खोलीतल्या लोखंडी ड्रॉवरमध्ये.

तिकडे तेव्हा अशीच पद्धत. काम तुम्ही करायचं, पासपोर्ट साहेबाने ठेवायचा. गावी जायचं तर त्याच्यापुढे उभं राहून मागायचा.

माझाही त्याच ड्रॉवरमध्ये होता. "वहिनी, तुमच्या घरात चाळीस माणसांची ये-जा. माझ्याकडे सेफ."

त्या बँडमध्ये इनास होता. इनास तुस्कानो, वसईचा. तीस-बत्तीस वर्षांचा, काटकुळा, कुणावर आवाज न चढवणारा. दुपारचा जेवायला माझ्याकडे. मला मावशी म्हणायचा.

तो स्टील गिटार वाजवायचा. गिटार गळ्यात अडकवतात एवढंच मला ठाऊक. ह्याची इस्त्रीच्या टेबलासारखी चार पायांवर उभी. हा समोर खुर्ची घेऊन बसणार, पायाखाली पेडल, डाव्या हातात एक गुळगुळीत लोखंडी कांडी. ती कांडी तारांवरून सरकवली की...

कसं सांगू. बाई तोंडात पदर कोंबून रडते ना, तसा आवाज.

एकदा डबा द्यायला हॉटेलात गेले. बार बंद होता, बँडची प्रॅक्टिस चालली होती. मी डबा ठेवून निघणार होते. अर्धा तास उभी राहिले.

ड्रम आपला साधा. चालणारा माणूस, थोडी घेतलेली, पण पाय नीट पडतायत, असा. एक फिडल, म्हणजे व्हायोलिनच. गाणारा नाकात गाणारा. आणि या सगळ्यांच्या मागून इनासची ती तार, हळूच सरकत वर जाणारी.

"हे कुठलं रे गाणं?" मी विचारलं.

"हाँकी-टाँक म्हणतात, मावशी. अमेरिकेत हायवेवर ट्रकवाल्यांचे दारूचे अड्डे असतात, तिथलं. माझा काका बोटीवर होता, तो रेकॉर्डी आणायचा."

"म्हणतोय काय तो?"

"बायको सोडून गेली. हा बारमध्ये बसलाय. दार वाजलं की वाटतं तीच आली. येते दुसरीच कुणीतरी."

"मग ठेका असा नाचरा कशाला? रडायचं तर धड रडावं."

इनास हसला. "मावशी, रडताना पण पाय हलले पाहिजेत. नाहीतर माणूस खुर्चीतच मरतो."

दर गुरुवारी तेलकंपन्यांचे गोरे यायचे. सहा-सहा फुटी, मोठ्या टोप्या घातलेले. इनासचा हात सरकला की ते लहान पोरांसारखे डोळे पुसायचे. त्यातल्याच एकाने इनासला आपली टोपी दिली होती. तपकिरी. तो ती जेवतानाही काढायचा नाही. मी ओरडले की काढायचा.

मला एक अक्षर कळायचं नाही त्या गाण्यातलं. पण त्याने भरून दिलेली कॅसेट पोळ्या लाटताना मी लावायचे. चाळीस डब्यांच्या पोळ्या. पाय दुखायचे नाहीत.

अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत इनासच्या बायकोला कावीळ झाली. पोटात सातवा महिना. वसईहून फोन आला, लवकर ये.

इनास भावोजींकडे गेला. माझ्याच घरात, माझ्यासमोर. मी आमटी वाढत होते.

"सर, पासपोर्ट पाहिजे. आठ दिवसांत परत येतो."

"अरे, आत्ता रमझान संपलाय," भावोजी म्हणाले. "महिनाभर बार थंड होता. या गुरुवारी गोऱ्यांची पार्टी आहे. स्टील गिटारवाला मी काय शारजातून पैदा करू? पार्टी झाली की जा. शुक्रवारी जा. खलास."

"सर, तिची तब्येत..."

"काविळीने कुणी मरत नाही रे. वहिनी, भात वाढा."

मी भात वाढला.

कारण मला उत्तर ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी माझे वडील गेले तेव्हा मीही असाच पासपोर्ट मागितला होता. "वहिनी, गुरुवारी शंभर डब्यांची ऑर्डर आहे, चार दिवसांनी जा." चार दिवसांनी मी वडिलांची राख बघितली.

तो घास मी गिळला होता. इनासनेही गिळावा असं मला वाटलं असेल. देव जाणे.

बुधवारी त्याची बायको गेली. मूलही गेलं.

गुरुवारी त्याने पार्टीत वाजवलं. पासपोर्ट हातात नव्हता, जाणार कुठे? लोक सांगतात, तसं त्याने कधी वाजवलं नव्हतं. गोरे उभे राहून टाळ्या वाजवत होते.

शुक्रवारी भावोजी पासपोर्ट द्यायला गेले तर नको म्हणाला. "आता काय करू जाऊन?"

पुढचे दोन आठवडे तो जेवायला यायचा आणि ताट तसंच ठेवून उठायचा. भावोजींच्या नावाने मी बोटं मोडायचे, तो ऐकून घ्यायचा.

सत्तावीस फेब्रुवारी. शुक्रवार. दुपारी दोन.

हमदुल्ला म्हणून पठाण होता, हॉटेलात साफसफाई करायचा. त्याला बंद बारमधून आवाज आला. एकच सूर... लांब... थांबेचना.

त्याने दार उघडलं. दिवे बंद. इनास खुर्चीत बसलेला, डोकं तारांवर टेकलेलं. आवाज मोठा करणारं मशीन चालू. त्याच्या कपाळाखालून तो सूर निघत होता.

हमदुल्लाने प्लग काढला तेव्हा सूर थांबला. इनास कधीच गार झाला होता.

डॉक्टरने हार्ट अटॅक लिहिलं.

बॉडी गावी पाठवायची तर पासपोर्ट लागतो. भावोजींनी तासाभरात आणून दिला. जिवंतपणी वेळेवर मागून मिळाला नाही, मेल्यावर तासात मिळाला. हे मी त्यांच्या तोंडावर बोलले.

इनासचे कपडे मीच भरले. ती लोखंडी कांडी मी त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवली आणि पेटीत त्याच्याबरोबर पाठवली. त्या गिटारीला दुसऱ्या कुणाचा हात लागू नये म्हणून.

गिटार भावोजींनी माझ्या मागच्या खोलीत आणून टाकली. नवीन वाजवणारा मिळेपर्यंत. तांदळाच्या पोत्यांशेजारी. मी वर चादर घातली.

पहिल्याच शुक्रवारी जेवणं झाली. हे घोरत होते. भावोजी सोफ्यावर बडीशेप चघळत होते. प्रज्ञा अभ्यास करत होती.

प्रज्ञाने मान वर केली. "मम्मी, हू इज प्लेइंग?"

"कोण कुठे वाजवतंय?"

"बॅक रूममध्ये. इट्स सो सॅड."

मी कान दिला. एसीची घरघर. खाली कुणाची तरी गाडी.

आणि मग...

लोखंड तारेवरून सरकत जातं तो आवाज. हळू. खालून वर.

मी भावोजींकडे बघितलं. त्यांचं चघळणं थांबलं होतं.

मी जाऊन दार उघडलं. पोती. चादर. सगळं जागच्या जागी. मशीन नाही, वायर नाही. आणि कांडी तर वसईला मातीखाली.

"उंदीर असेल," भावोजी म्हणाले.

"उंदीर स्टील गिटार वाजवायला लागले का दुबईत?" मी म्हणाले.

त्यानंतर प्रत्येक शुक्रवारी. दोन वाजता. फक्त भावोजी घरात असले की. ते आले नाहीत त्या शुक्रवारी खोली गप्प.

नवीन वाजवणारे दोघं आले. एक फिलिपिनो, एक गोव्याचा. दोघांनी चादर उचलली, तारांना बोट लावलं, आणि चादर परत घातली. "ही ट्यून होत नाही," एवढंच म्हणाले. डोळे मात्र वेगळंच सांगत होते.

मला भीती वाटायची का? नाही वाटायची. खरं सांगते. शुक्रवारी दोन वाजले की मी भांडी बाजूला ठेवून ऐकत बसायचे.

नव्व्याण्णव उजाडलं. भावोजींच्या आभाचं लग्न ठरलं, चिपळूणला. एकुलती एक मुलगी. नऊ मे, रविवार, दुपारी बारा पस्तीसचा मुहूर्त. पुढे लगेच अधिक महिना लागत होता, म्हणून तारीख हलण्यातली नव्हती. भावोजींनी मुलीला दोन-दोन वर्षांनी बघितलेलं. "कन्यादान माझ्या हाताने करणार," असं सगळ्या करामाला सांगत फिरले. आम्ही जाणार नव्हतो. ह्यांना रजा नव्हती आणि मला डबे होते.

एकोणतीस एप्रिलचं विमान. भावोजींनी ड्रॉवर उघडला. बँडवाल्यांचे पासपोर्ट होते. माझा होता. त्यांचा स्वतःचा नव्हता.

सगळी खोली पालथी घातली. गादी फाडली. विमान गेलं.

दुसऱ्या दिवशी ड्रॉवर उघडला... सगळ्यात वर त्यांचाच पासपोर्ट.

"कुणीतरी मस्करी केली," भावोजी म्हणाले. किल्ली त्यांच्या गळ्यात असायची.

तीन मेला परत एअरपोर्टवर गेले. इमिग्रेशनच्या अरबाने पासपोर्ट उघडला. फोटो बघितला. भावोजींना बघितलं. परत फोटो.

"ये कौन है?"

"मैं हूँ, सर."

त्याने शेजारच्याला बोलावलं. दोघं फोटोवर वाकले. शेजारचा म्हणाला, "टोपी किधर है?"

भावोजींना आत नेलं, चार तास बसवलं. विमान गेल्यावर मोठा साहेब आला, पासपोर्ट बघितला. "फोटो तो ठीक है," म्हणाला आणि सोडून दिलं.

टॅक्सीतून थेट माझ्याकडे आले. शर्ट घामाने चिकटलेला. फोटो माझ्यासमोर धरला.

"वहिनी, बघा. माझ्या डोक्यावर टोपी दिसते का?"

त्यांचंच टक्कल होतं.

"भावोजी, कसली टोपी म्हणाला तो? रंग सांगितला का?"

ते खाली बसले. मग पुटपुटले, "ब्राऊन म्हणाला."

शेवटचं विमान शुक्रवारी, सात मेला, संध्याकाळी. त्या दिवशी ते बॅग घेऊनच जेवायला आले. एक घास खाल्ला नाही. दोन वाजायला आले आणि त्यांनी माझे पाय धरले.

धाकटा दीर, पन्नाशीचा माणूस. माझे पाय धरून रडला.

"वहिनी, तो तुमचं ऐकायचा. आत जा. माझ्यातर्फे माफी मागा. म्हणावं, काय हवी ती शिक्षा दे, पण परवा मला माझ्या पोरीजवळ असू दे. एवढंच."

"तुम्हीच जा ना आत."

"माझी हिंमत नाही हो!"

हे म्हणाले, "अगं जा. लग्नघर आहे. काय ते दोन शब्द बोल."

मी गेले. दार आतून लावलं.

दुपारचे दोन. खिडकीला पुठ्ठा लावलेला, त्याच्या कडेने ऊन येत होतं. चादर सरळ होती.

मग चादरीखाली काहीतरी हललं... डावीकडून उजवीकडे. सावकाश. कांडी सरकवणाऱ्या हाताएवढं.

आणि सूर निघाला. तोच. लांब. वाट बघणारा.

मी माफीचे शब्द मनात जुळवून आले होते, शपथेवर सांगते. मी तोंड उघडलं. म्हणाले, "इनास, बाबा, भावोजी बाहेर बसलेत. परवा आभाचं लग्न आहे..."

आणि माझ्या डोळ्यांसमोर माझ्या वडिलांची राख आली. पत्र्याच्या डब्यात. वर फडकं बांधलेलं.

मी म्हणाले, "जाऊ देऊ नकोस."

हळू म्हणाले. बाहेर ऐकू जाणार नाही इतकं.

सूर थांबला.

मग एकदाच... खालून वर... छोटासा. मी पूर्वी "वा रे" म्हटलं की इनास असा एक सूर काढायचा. हो म्हटल्यासारखा.

मी दार उघडलं. भावोजी दारालाच टेकून उभे होते.

"मागितली?"

"मागितली."

"काय म्हणाला?"

"आवाज थांबला ना? मग!"

त्यांनी परत माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी ठेवू दिलं.

एअरपोर्टवर हे सोडायला गेले होते. काचेतून त्यांनी सगळं बघितलं. यावेळी फोटो चालला. टोपीबिपी काही नाही. अधिकाऱ्याने शिक्का उचलला, मारला.

उमटला नाही.

परत मारला. नाही. शाई लावली. नाही. त्याने स्वतःच्या कागदावर मारून बघितला, ठळक उमटला. भावोजींच्या पासपोर्टवर... कोरं पान.

पाच वेळा. रांगेतली माणसं बघायला लागली. अधिकारी तोंडातल्या तोंडात काही म्हणायला लागला. त्याने पासपोर्ट हाताने उचललाही नाही. पेनाच्या टोकाने पुढे ढकलला.

"खलास. आज नहीं. यल्ला, घर जाओ."

रविवारी सकाळी भावोजी माझ्या घरी फोनजवळ बसले. तिकडे साडेबारा म्हणजे आमच्याकडे अकरा. कार्यालयातला फोन जावेने मांडवापर्यंत ओढला होता. निदान मंगलाष्टकं तरी ऐकू द्या म्हणून.

मी शेजारी उभी होते. भटजींचा आवाज मलाही येत होता. माणसांची गलबल. सनई.

मग एकदम सगळं गप्प.

आणि रिसिव्हरमधून...

तो सूर. सरकत. वर. खाली. मागे ठेका नाही, गाणं नाही. नुसती ती तार.

भावोजी "आभा, आभा" ओरडत होते. शेवटी रिसिव्हर हातातून सुटला.

मी उचलला. पलीकडे आभाच होती. लग्न लागलं होतं. हार घातलेल्या मुलीचा आवाज कसा असतो, तसा नव्हता.

"काकी, बाबा बोलले का नाहीत? तुमच्याकडून कुणीतरी काहीतरी वाजवत होतं, किती वेळ. स्पीकरवर टाकला होता फोन. मंगलाष्टकं कुणाला ऐकूच आली नाहीत. काकी, इथे सगळे रडले."

मी म्हटलं, "लाइन खराब असेल, बाळा. सुखी राहा."

त्या दिवशी मी पोटभर जेवले. खोटं कशाला बोलू.

पुढच्या शुक्रवारी भावोजींच्या पासपोर्टवर पहिल्या फटक्यात शिक्का उमटला. ते पोचले तेव्हा मांडव उतरला होता, मुलगी सासरी गेली होती. परत ते दुबईला आले नाहीत. चिपळूणलाच असतात. आभा दिवाळीला येते, पाया पडते. ते तिच्याकडे बघत नाहीत. शुक्रवारी दुपारी कानात कापूस घालून बसतात, असं जाऊ सांगते.

जाण्याआधी त्यांनी ड्रॉवरची किल्ली माझ्याकडे दिली. मी सगळ्यांचे पासपोर्ट ज्याचे त्याला वाटून टाकले.

माझ्या मागच्या खोलीत पुन्हा कधी आवाज आला नाही. मी चार वर्षं तिथे तांदूळ ठेवला.

दोन हजार तीनमध्ये आम्ही दुबई सोडली. गिटार मी कार्गोने वसईला पाठवली आणि नंतर स्वतः गेले. इनासचा थोरला भाऊ, देवमाणूस. चहा दिला. मग आतून एक पत्र घेऊन आला.

"मावशी, इनासचं शेवटचं पत्र. तुमचं नाव आहे यात."

मला वाचायला वेळ लागतो. तोच वाचून दाखवत होता. तारीख बावीस फेब्रुवारी अठ्ठ्याण्णव. मरायच्या पाच दिवस आधी.

"सूर्यकांत सरांचा मला राग नाही. मी चर्चमध्ये जाऊन त्यांच्या नावाने मेणबत्ती लावली. मावशी मात्र फार चिडून आहे. तिला कुणीतरी सांगा, राग धरू नकोस. मी सोडलाय."

भावाने पत्राची घडी घातली. "असाच होता तो. मुंगीलाही दुखवलं नाही कधी."

माझा चहा तसाच राहिला.

तेव्हापासून मी एकच हिशोब लावत बसले आहे, आणि तो लागत नाही. ज्याने जिवंतपणीच माफ केलं, तो मेल्यावर चौदा महिने सूड घेत बसेल का? पोरीचं लग्न नासवेल का?

नाही. इनास नाही.

मग त्या दुपारी चादरीखाली कोण होतं, मला ठाऊक नाही. मी ज्याला "जाऊ देऊ नकोस" म्हणाले, तो कोण होता ठाऊक नाही.

पण त्याने माझं ऐकलं.

आणि बदल्यात माझ्याकडे त्याने अजून काहीच मागितलेलं नाही...